कावळा काही शिवेना

“सगळं त्या कलावतीमुळं! नाहीतर कावळा शिवणार नाही म्हणजे काय?”

जिन्याच्या वळणावर भागीरथीच्या कानांवर हे वाक्य पडलं आणि ती जागच्या जागी थबकली... तिच्या शिणलेल्या हृदयात आनंदाचा असा काही उमाळा दाटून आला, की काखेतलं गाठोडं घरंगळत चार पायऱ्या खाली गेलं तरी तिला भान राहिलं नाही!

आता वर गॅलरीत मेथी निवडत बसलेली भीमाबाई शेजारणीला जे सांगत होती, त्याचा अर्थ अगदी निराळा होता. पण भागीरथीला तो कळावा कसा? ती पडली बाईमाणूस, आणि बायकांच्या बोलीत कावळा कशाला शिवतो हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. महिन्याच्या महिन्याला शिवतो, बाई चार दिवस बाजूला बसते. आणि शिवला नाही तर...! तेही कलावतीला? आपल्या धाकट्या जावेला? लग्नाला वीस वर्षं होत आली, देव झाले, डॉक्टर झाले, डोंबिवलीचा तो पुड्या देणारा वैद्यसुद्धा झाला, आणि कूस रिकामी ती रिकामीच! अगं बाई, देवाला शेवटी दया आली म्हणायची!

गाठोडं उचलायचं सोडून भागीरथी धडाधडा जिना चढली. अंगात जॉर्डनच्या छावणीत कुणीतरी दिलेला गुडघ्यापर्यंतचा बाप्याचा कोट, खाली विटलेलं पातळ, पायात दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या चपला. विमानतळावरून ती थेट ठाकुर्लीला आली होती. भीमाबाईच्या अंगावरूनच ती घरात शिरली. दार उघडंच होतं. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर कलावती.

“कले!” भागीरथी उंबऱ्यातूनच ओरडली. “अगं, कितवा?”

मशीनचं चाक थांबलं. कलावतीनं मान वर केली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

“कितवा... काय?”

“महिना गं, महिना! कावळा शिवला नाही ना? ऐकलं मी जिन्यात! ऊठ आधी त्या मशीनवरून, पाय मारत बसलीय!”

तेवढ्यात मागून मेथीची जुडी छातीशी धरून भीमाबाई दारात आली, तिनं एकदा भागीरथीकडं पाहिलं, एकदा भिंतीकडं पाहिलं, आणि सगळी चाळ गोळा होईल अशी किंकाळी फोडली. “भूत! अरे धावा कुणीतरी! भागीरथीचं भूत आलंय, आणि कलावतीला कितवा महिना म्हणून विचारतंय!”

मग कुठं भागीरथीचं भिंतीकडं लक्ष गेलं. तिथं ती स्वतःच होती. पासपोर्टसाठी काढलेला फोटो मोठा करून, चौकटीत बसवून, वर चंदनाचा हार घालून टांगलेला. त्या वेळी फोटोग्राफरनं हसू नका म्हणून दम दिला होता, त्यामुळं चेहरा मेलेल्या माणसाला शोभेल असाच आला होता.

“म्हणजे...” भागीरथी फोटोकडं बघत म्हणाली. “म्हणजे मी...?”

कलावती उठली. ती हळूहळू जवळ आली. कापडाचा पोत बघावा तशी तिनं त्या कोटाची बाही दोन बोटांत धरून पाहिली, मग एक बोट भागीरथीच्या गालाला लावलं. आणि एकाएकी पाठ फिरवून ती स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली. पाठोपाठ स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. शब्द मात्र एक नाही!

भागीरथी त्या बंद दाराकडं बघतच राहिली. हे दार उघडावं म्हणून तर ती जिवंत राहिली होती!

झालं होतं असं. भागीरथीचे यजमान दामाजी गेले तेव्हा त्यांची एकुलती एक मालू सहा वर्षांची होती. धाकटे दीर, कलाचे यजमान विठ्ठल, रेल्वेत; त्यांच्या एकट्याच्या जिवावर एवढ्यांचं भागेना. भागीरथीनं मन दगडाचं केलं, रत्नागिरीकडच्या ओळखीनं कुवेतला एका बड्या घरी स्वयंपाकीण म्हणून गेली, आणि जाताना मालूला कलाच्या पदरात टाकून गेली. कलानं त्या पोरीला फुलासारखं जपलं. इतकं जपलं, की दोन वर्षांपूर्वी भागीरथी रजेवर आली तेव्हा मालूनं मैत्रिणीला सांगितलं, “ही माझी कुवेतची आई. आणि आत मशीनवर बसलीय ती आई.”

झालं! त्या ‘कुवेतची’नं भागीरथीच्या काळजात जे शल्य रुतलं, ते तिच्या जिभेवाटे कलाच्या काळजात गेलं. “पोर सांभाळायला दिली होती कले, देऊन टाकली नव्हती!” असं ती सगळ्यांसमक्ष बोलून गेली. कला मशीनवर जाऊन बसली आणि भागीरथीचं विमान उडेपर्यंत खाली मान घालून शिवत राहिली. कलाच्या तोंडी ‘अक्का’ची त्या दिवशी ‘जाऊबाई’ झाली, आणि पुढं तेवढंही उरलं नाही.

मग ऑगस्टमध्ये एका पहाटे कुवेतच्या रस्त्यांवर रणगाडे आले. घरची मंडळी उन्हाळ्यासाठी परदेशी गेलेली. मागं राहिल्या दोघीच, भागीरथी आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी, जिला सगळे यम्मा म्हणत. आपल्या लोकांच्या बसगाड्या बसऱ्याकडं निघाल्या, भागीरथीला बोलावणं आलं, पण त्या असहाय जिवाला टाकून जायचं कसं? तिनं गाडी सोडली. नंतरची पण सोडली. बाहेर गोळ्या सुटू लागल्या की ती यम्माला उचलून न्हाणीघरात नेई, कारण तिथं खिडकी नव्हती. यम्मा जपमाळ ओढी, भागीरथी रामरक्षा म्हणे. एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं, पण एक थांबली की दुसरी तिचा हात धरी. शेजारच्या बंगल्यातला मुलगा एका संध्याकाळी पाव आणायला म्हणून गेला तो आलाच नाही, आणि त्याची आई रोज दारात बसून राही. तिच्याकडं बघून भागीरथीला मालू आठवे, आणि मालूच्या मागोमाग कला.

एकदा तर शिपाई घरातच शिरले. मिसरूड न फुटलेली पोरं, खांद्यावर बंदुका! पण भागीरथीनं नुकतीच फरशी पुसली होती. लाटणं उगारून ती चक्क मराठीत कडाडली, “बूट बाहेर! आत्ता पुसलंय मी!” आणि खरं सांगते, ती पोरं मागं सरली हो! मग बूट हातात घेऊन आली, टेलिफोन उचलून नेला, टीव्ही ठेवून नुसता रिमोट नेला, मिक्सर ठेवून नुसतं झाकण नेलं. त्यांतल्या एकानं पोटाकडं हात दाखवला. तिनं त्याला डाळभात वाढला. जेवताना तो घळाघळा रडला, तिखट लागलं म्हणून की घर आठवलं म्हणून, देव जाणे. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि तोंड फिरवलं.

आणि रोज त्या न्हाणीघरात, कानठळ्या बसत असताना, तिच्या मनात एकच येई... कलाशी अबोला धरून मरायचं नाही! देवा, एकदा घरी ने, तिला एकदा ‘कले’ म्हणून हाक मारू दे, तिच्या तोंडून एकदा ‘अक्का’ ऐकू दे. मग खुशाल ने!

शेवटी यम्माचा पुतण्या आला, म्हातारीला गाडीत घालून वाळवंटातून सरहद्दीपार घेऊन गेला, तेव्हा भागीरथी मोकळी झाली. बसरा, बगदाद, जॉर्डनच्या वाळवंटातले तंबू, पाण्याच्या रांगेतली भांडणं आणि मग विमान. आणि घरी येऊन बघते तर आपण मेलेलो, आणि कला कडी लावून आत!

संध्याकाळी सगळा उलगडा झाला. मालू शाळेतून आली ती दप्तरासकट गळ्यातच पडली, आणि तिच्या गणवेशाच्या गळ्याला बटणाऐवजी लावलेली सेफ्टी पिन भागीरथीच्या हनुवटीला खस्सकन टोचली. विठ्ठलभाऊजींनी वहिनींच्या पायांवर लोळण घेतली, ते उठायला तयार होईनात. चाळ दारात दाटली. आणि गर्दी सारत पुढं आला तो सीताराम.

हा सीताराम मागच्या गल्लीतला, कुवेतला ड्रायव्हर. पहिल्या विमानानं परत आलेला. परत आल्यावर ‘रणांगणातून थेट’ या नावाखाली त्यानं गणपतीच्या मांडवात भाषण दिलं, त्याला टाळ्या पडल्या, मग नवरात्रात पुन्हा दिलं. गणपतीतच लोकांनी भागीरथीबाईंचं विचारलं होतं. आता ‘मला ठाऊक नाही’ असं सांगितलं तर भाषण करणाऱ्याची किंमत ती काय राहणार? त्यानं सांगून टाकलं, की त्यांचं घर जळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!

“सीताराम,” भागीरथी म्हणाली, “मी जिवंत आहे रे.”

“ते ठीक आहे वहिनी,” सीताराम गंभीरपणे म्हणाला, “पण त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला नाही माहीत. तुम्ही तिथं नव्हतात.”

“मी तिथंच होते!”

“मग जळालं कोण?” सीतारामनं सगळ्यांकडं पाहिलं, आणि दोघातिघांनी माना डोलावल्या.

विठ्ठलभाऊजी डोळे पुसत म्हणाले, “वहिनी, मला बोल लावा, पण माझा जीव राहीना हो. परक्या वाळवंटात तुमचा आत्मा तहानलेला फिरत असेल या विचारानं घास उतरत नव्हता. त्यात पितृपक्ष आला. म्हटलं, सर्वपित्रीच्या आत करून टाकू. दर्भाची बाहुली केली, तिला अग्नी दिला, कल्याणच्या खाडीवर पिंड ठेवला... आणि कावळा काही शिवेना!”

“कावळे नव्हते का?” आता मेल्यावरही माणसाला उत्सुकता असतेच की!

“झाडावर ओळीनं बसले होते! गुरुजी म्हणाले, पितृपक्षात पोटं भरलेली असतात, भाव खातात. कुणीतरी काहीतरी कबूल करा. मग मी हात जोडले. म्हटलं, वहिनी, मालूचं लग्न थाटात करीन. कावळा हलला नाही. म्हटलं, आजपासून तंबाखू बंद! तसा एक खाली उतरला, पिंडाच्या अगदी जवळ आला, आणि चिमटा बसावा तसा उडाला!”

“मी म्हटलं,” भीमाबाई पुढं सरसावली, “भागीरथे, तुझं पितळी पातेलं माझ्याकडं राहिलंय, ते आणून देते गं बाई! तर दुसरा आला. चोच पुढं केली, आणि फडफड करून पसार!”

“मग पातेलं कुठाय?” भागीरथीनं विचारलं.

“असं कसं? कावळा शिवला नाही ना!” भीमाबाई म्हणाली. “शिवला असता तर दुसऱ्या दिवशी चिंचेनं घासून आणून दिलं असतं. तूच बघ, तुलाच मान्य नव्हतं ते.”

“अगदी तेच मी म्हणतोय,” असं म्हणून विठ्ठलभाऊजींनी गालातली तंबाखू या बाजूची त्या बाजूला सारली. “शेवटी गुरुजींना पुढच्या कामाला जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून शिवून टाकला. पण तो काही खरा नव्हे. त्यामुळं वचनं लागू नाहीत असंच सगळ्यांचं मत पडलं.”

सगळे हसले, भागीरथीही हसली. हसता हसता तिनं विचारलं, “आणि कला? कला काय म्हणाली?”

स्वयंपाकघरात भांडी लावण्याचा आवाज येत होता तो थांबला.

“तिचंच तर दुखणं आहे,” भीमाबाईनं आवाज उतरवला, म्हणजे फक्त दोन मजल्यांना ऐकू जाईल इतका. “सगळे बोलले. परकी माणसं बोलली. ही मूठ पदराखाली झाकून दगडासारखी बसलेली. गुरुजींनी दोनदा सांगितलं, ‘बाई, तुम्ही थोरलीची पोर सांभाळता, तुम्ही बोला.’ हिनं तोंड शिवलं, म्हणून कावळा शिवला नाही! आणि त्या दिवसापासून कामात लक्ष नाही. माझ्या नातवाच्या सदऱ्याला अजून बटणं लावून देत नाहीये, डबा सांडला म्हणे.”

भागीरथीच्या अंतःकरणावर जणू घावच पडला. गोळ्यांच्या आवाजात जिच्या एका शब्दासाठी आपण तळमळलो, तिनं आपल्या पिंडापुढंसुद्धा अबोला सोडला नाही? मेलेल्या माणसावर एवढा राग? की आपण परत येऊच नये, मालू कायमची तिची व्हावी...? छे, छे! पण मनातली पाल चुकचुकायची थांबेना.

“मालू,” ती म्हणाली, “कपडे भर बाळा. आपण कोलशेतला मामाकडं राहायला जाऊ.”

मालू गोंधळली. “आणि आई?”

“मग मी कोण गं?” भागीरथीनं विचारलं.

“तू पण,” मालू म्हणाली आणि रडायला लागली.

स्वयंपाकघराची कडी निघाली. कलावती बाहेर आली, कुणाकडंही न पाहता तिनं कपाट उघडलं, मालूचे झगे एकेक करून घडी घातले, परकर वेगळे, मोजे वेगळे, आणि पिशवीत भरायला लागली. डोळ्यांतून धारा, हात मात्र चाललेले! अगं, नको म्हण... भांड माझ्याशी... एक शब्द तरी बोल! असं भागीरथीचं मन आक्रंदत होतं. पण कला बोलली नाही, आणि भागीरथीही शेवटी मानी बाई, तीही बोलली नाही.

तरी जाणं लगेच झालं नाही. कोलशेतहून भाऊ परशुरामचा निरोप आला, की ताई, खुशाल ये, पण इथं बायकामंडळी घाबरतात. जिचं दहावं झालंय ती तशीच्या तशी उंबऱ्याच्या आत कशी घ्यायची? विठ्ठलभाऊजी गुरुजींकडं धावले. गुरुजींनी पोथी चाळली, चष्मा पुसला आणि सांगितलं, “शास्त्रानं त्या निधन पावलेल्या आहेत. आता पुन्हा जन्म घेणं आलं. बारसं करा.”

“कुणाचं?”

“त्यांचंच.”

आणि खरोखर, पुढच्या रविवारी, पंचेचाळिशीला टेकलेल्या भागीरथीचं बारसं ठरलं! भीमाबाईच्या दारातला झोपाळा पाळणा म्हणून सोडून आणला. त्याच्या कड्या विठ्ठलभाऊजींनी तीनदा ओढून पाहिल्या, कारण बाळ अंगानं भरलेलं होतं. घुगऱ्यांना मोठं भांडं मिळेना, तेव्हा भीमाबाई बराच वेळ इकडंतिकडं बघत राहिली, घरी गेली, आणि पितळी पातेलं घेऊन आली. “बारशापुरतं आणलंय हां,” तिनं बजावलं. भागीरथी नवं पातळ नेसून झोपाळ्यावर बसली. तिच्या पायाशी कपड्यांच्या दोन पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. बारसं झालं की रिक्षा, आणि कोलशेत.

“पूर्वजन्मीचं सगळं आता संपलं,” गुरुजी अक्षता टाकत म्हणाले.

“सगळं?” भीमाबाईनं विचारलं. “म्हणजे मग मालू हिची कोण? गेल्या जन्मातली मुलगी?”

बायका खदखदून हसल्या. झोपाळ्यावरची मात्र हसली नाही, आणि भिंतीशी टेकून उभी राहिलेली कलावतीही हसली नाही. दोघींनी एकाच वेळी मालूकडं पाहिलं, आणि मग एकमेकींकडं पाहायचं टाळलं.

“चला, कानात नाव सांगायला आत्या कुठाय?” गुरुजींनी घाई केली.

भागीरथीची आत्या देवाघरी जाऊन कैक वर्षं झाली होती. “घरातली सवाष्ण चालेल,” गुरुजी म्हणाले, आणि सगळ्या बायकांनी कलावतीला पाठीत हात घालून पुढं ढकललं. बाळाच्या कानात ‘कुर्रर’ करून नाव सांगायचं, आणि सांगता सांगता मागं उभ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. भीमाबाईनं तर आधीच बाह्या सरसावल्या होत्या.

कलावती वाकली. तिचा श्वास भागीरथीच्या कानाला लागला.

“कुर्रर...” ती म्हणाली, आणि पुढं काहीच म्हणेना.

“नाव! नाव!” बायका ओरडल्या.

“अक्का...” कानात आवाज आला. दोन वर्षांनी! भागीरथीनं डोळे मिटून घेतले. “अक्का, मला ठाऊक होतं हो, तुमचा जीव कशात अडकलाय. ‘मालूला सांगेन, तुझी आई तीच, मी नुसती काकी,’ एवढं म्हटलं असतं तर झाडावरचे सगळे कावळे झडप घालून आले असते! मला एकटीला ठाऊक होतं. म्हणून मी बोलले नाही.”

“पण का गं?” भागीरथीच्या तोंडून हुंदका फुटला.

“अगं बाई, एवढं लांब नाव?” मागून भीमाबाई.

“शिवला असता तर तुम्ही खरंच गेल्या असत्या ना! मग काय उरलं असतं? मी बटणांचा डबा रिता करून पदरात घेऊन गेले होते. कावळा पिंडाजवळ आला, की पदराखालून बटण मारत होते... ह्यांच्या तंबाखूचा कावळा मीच उडवला. पातेल्याचा पण मीच. तिसऱ्याच्या तर पंखालाच बसलं बिचाऱ्याच्या...”

“अगं बये! आणि मी खरंच मेले असते तर? अडकून राहिले असते ना गं मी?”

“राहिल्या असत्या तर राहिल्या असत्या!” कलावती आता कानात बोलत नव्हती, मोठ्यानं रडत होती. “अडकून का होईना, पण इथंच राहिल्या असत्या! मला वेड्या स्वार्थी बाईला तेवढंच पाहिजे होतं! तुम्ही आलात तेव्हा आनंदानं बोलताच येईना, आणि मग वाटलं, आता तुम्ही मालूला मागणार... मागा! तुमचीच आहे! पण रुसून जाऊ नका हो अक्का!”

भागीरथी झोपाळ्यावरून उठायला गेली, पण झोपाळा मागं गेला आणि ती कलाच्या गळ्यात पडली ती जवळजवळ झोपाळ्यासकटच. “कले... माझी वेडी कला... मीच मेली अविचारी, देऊन टाकली नव्हती म्हणाले... अगं, तुझ्यासारखीला देऊन टाकायलासुद्धा भाग्य लागतं!” दोघींच्या अश्रूंनी त्या नव्या पातळाचा पदर भिजून चिंब झाला. गुरुजींनी चष्मा काढला. सीताराम म्हणाला, हे असंच होणार हे त्याला कुवेतलाच वाटलं होतं.

“आई, काकी कोण आणि आई कोण ते ठरलं का?” मालूनं नाक ओढत विचारलं.

“ही तुझी आई,” कला हुंदके देत म्हणाली. “मी...”

“ते माहितीय मला,” मालू मध्येच म्हणाली. “एक इथली होती, एक कुवेतची होती. आता दोघी ठाकुर्लीच्या. माझे कपडे परत कपाटात लावू का?”

बायकांना राहवेना. नाव अजून कळलं नव्हतं, तरी भीमाबाईनं पहिला धपाटा घातला, आणि मग कलावतीच्या पाठीवर धपाट्यांचा नुसता पाऊस पडला. एक-दोन बाळानंही घातले.

त्या गडबडीत घुगऱ्यांच्या पातेल्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ते गॅलरीच्या कठड्याशी उघडंच होतं. कुठूनसा एक कावळा आला, त्यानं मान वाकडी करून सगळ्यांकडं पाहिलं, आणि पातेल्यात चोच घातली.

“शिवला!” भीमाबाई किंचाळली. “शिवला गं बाई शिवला!” आणि लगेच तिच्या लक्षात आलं, की तो नेमका कुठल्या पातेल्याला शिवला. तिचा चेहरा पडला. विठ्ठलभाऊजींचा तंबाखू मळणारा अंगठा तळहातावर तसाच थांबला. त्यांनी गुरुजींकडं आशेनं पाहिलं. गुरुजींनी सावकाश मान हलवली. भाऊजींनी मग कठड्यावरून खाली वाकून हात झटकला आणि बराच वेळ खालीच बघत राहिले.

सगळी गॅलरी हसत होती. कलावती तेवढी पांढरीफटक पडली होती. कावळ्याकडं बघत तिनं भागीरथीचं मनगट घट्ट धरलं, असं घट्ट की बांगडी रुतली.

“अगं, मी इथंच आहे,” भागीरथी म्हणाली. “बघ की, इथंच आहे. शिवू दे त्याला.”

“हो,” कला म्हणाली. पण हात काही सोडला नाही.

नंतर घुगऱ्या वाटल्या त्या कलावतीनंच, साऱ्या चाळीला, आणि डाव्या हातानं. गुरुजींच्या कपाळाला आठी पडली, पण तिचा उजवा हात कुठं अडकलाय हे त्यांनी पाहिलं, आणि मुकाट्यानं दोन्ही हात पुढं केले.